खळ्यातले टोमॅटो

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "नवरा मुंबयला नि बायको घरी, ही आपल्याकडची रीत हाय. रडायचं नाय." मी रडले नाही. चिडले मात्र पुष्कळ. हे कुर्ल्याला एका कारखान्यात आणि मी इकडे गावाला, रत्नागिरीहून एसटीनं तासाभरावर. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातली रजा एवढाच आमचा संसार. बाकी वर्षभर भात, गुरं, सासूसासरे असेतो त्यांचं दुखणंखुपणं, मुलाची शाळा आणि माझी अंगणवाडी हे सगळं मी एकटीनं रेटलं. कुणाला काही विचारायची सवय राहिली नाही, आणि कुणी मला विचारलेलंही खपेनासं झालं.

त्यामुळे हे निवृत्त होऊन गणपतीला आले आणि गणपती गेले तरी हे गेले नाहीत, तेव्हा मला आनंद झाला तो झालाच. पण दुसऱ्याच आठवड्यात कळलं की आपल्याला या माणसाची सवयच नाही. चहात साखर किती, इथपासून सुरुवात. मी पहाटे उठणार, हे म्हणणार दिवा घालव. मी मिठाची बरणी एका जागी ठेवणार, हे ती उचलून दुसरीकडे नेणार. एकदा तर माझ्या तोंडून निघून गेलं, "अवो, पाहुणे तरी बरे, कशाला हात लावत नाहीत!" हे उठून पडवीत जाऊन बसले. भांडले असते तर बरं झालं असतं.

खरं दुखणं निराळंच होतं. यांना इथे करमत नव्हतं. यांच्या वयाचे वाडीतले निम्मे लोक अजून मुंबईत, आणि जे इथे होते त्यांच्या शेतीतल्या गोष्टी यांना कळत नसत. सगळे हाक मारत ती "मुंबयकर" म्हणूनच. पडवीत खुर्ची टाकून हे दिवसभर रस्त्याकडे बघत बसत. मुलगा आमचा बदलापूरला असतो. त्याच्याशी फोनवर बोलताना एक दिवस मी ऐकलं, "शिमग्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर तुझ्याकडे येतो. तू गाडी घेऊन येशीलच ना, मग तुझ्याबरोबरच निघेन." मी आत तांदूळ निवडत होते. इतकी वर्षं एकटीनं काढलेल्या बाईला नवरा परत जाईल म्हणून भीती वाटावी, याचं मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. पण भीती वाटली ती वाटलीच.

दसऱ्याच्या सुमाराला हे पेन्शनच्या कामासाठी रत्नागिरीला गेले आणि येताना बाजारातून बियाण्याचं एक पाकीट घेऊन आले. टोमॅटो, संकरित, लवकर तयार होणारी जात. पाकिटावरचे टोमॅटो असे लालभडक की लिपस्टिक लावल्यासारखे. "लावल्यापासून दोन महिन्यांत फळ!" हे मला मोठ्यानं वाचून दाखवत होते. मी म्हटलं, "पी हळद नि हो गोरी!" पण मनात म्हटलं, लावू दे. खुर्चीतून उठले हेच काय थोडं झालं?

जुने तेलाचे डबे कापून त्यांत यांनी रोपं केली आणि वीतभर झाल्यावर एका सकाळी परसात, विहिरीच्या अंगाला लावून टाकली. मी तेव्हा अंगणवाडीत. दुपारी येऊन बघते तर नेमकी माझ्या गेल्या वर्षीच्या वांग्यांच्या जागेवर. पुढे जे व्हायचं तेच झालं. रोपं चांगली धरली, काठ्या बांधण्याएवढी झाली आणि एका दिवसात त्यांनी माना टाकल्या. पानावर डाग नाही, कीड नाही, हिरवी ती हिरवीच आणि मेलेली. आमच्याकडे याला मर म्हणतात. वांगी, मिरची, टोमॅटो सगळे या रोगाचे भाऊबंद, एकाच्या मातीत दुसरा जगत नाही. हे वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "माझ्या हाताला गुणच नाही."

असं बोललेलं मला मुळीच खपत नाही. मी म्हटलं, "हाताला काय धाड भरलीय? मातीत रोग आहे. अर्धं पाकीट शिल्लक आहे ना? परत पेरा. आणि या वेळी नवी माती बघा."

आता खळ्याचं सांगायला हवं. खळं म्हणजे आमच्याकडचं घरापुढचं अंगण. पावसाळ्यात त्याच्यावर गवत माजतं, मातीचे थर वाहून जातात. म्हणून दिवाळीनंतर ते खणायचं, गवताची मुळं काढायची, तांबडी माती घालून पाणी मारायचं, मग लाकडी चोपण्यानं चोपून चोपून पाटासारखं घट्ट करायचं आणि शेणानं सारवायचं. हे काम दरवर्षी माझंच. त्या वर्षी मी अर्धं खळं खणलं, नवी मातीही आणून टाकली, आणि माझा गुडघा सुजला. डॉक्टरांनी बसू नका म्हणून सांगितलं. तेव्हा अर्धं खळं खणलेलं, अर्धं तसंच, असं ते बरेच दिवस पडून राहिलं.

एका दुपारी घरी आले तर त्या खणलेल्या अर्ध्या खळ्यात टोमॅटोची रोपं ओळीनं उभी. प्रत्येकाला गोल आळं, आळ्यात शेणखत, वरून राख. मी दारातच थांबले. जिभेवर जे काही आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात हे झारी घेऊन आले आणि म्हणाले, "तूच खणून ठेवलंस ना माझ्यासाठी? गुडघा दुखत असताना? बोलली पण नाहीस. नवी माती बघा म्हणालीस ना, तेव्हाच समजलो मी."

यांचा चेहरा असा उजळलेला मी गणपतीपासून पाहिला नव्हता. आता सांगा, काय बोलणार? मी म्हटलं, "हं. पाणी घातलंत का सगळ्यांना?"

पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. ओटीवर बसते, बायका देवीची ओटी भरतात, आणि मग ढोलाच्या तालावर घराच्या खळ्यात पालखी नाचवतात. ज्याच्या खळ्यात पालखी नाचली त्याचं वर्ष चांगलं जातं, असं सगळं गाव मानतं, मीही मानते. मी म्हटलं, "आणि शिमग्याला पालखी नाचायची कुठे?"

"अगं, लवकर येणारी जात आहे ही!" हे म्हणाले. "शिमग्याच्या आत सगळं उरकतं. मग मीच चोपून देतो तुझं खळं."

संध्याकाळी शेजारची माझी चुलत जाऊ विरजण मागायला आली आणि खळ्याच्या दगडी गडग्यापाशीच कपाळावर हात मारून उभी राहिली. "अगो बाय माझे! ह्यानं तर खल्याचं आगर केलान! नि तू बघत बसलंस?" मी म्हटलं, "मीच सांगितलं लावा म्हणून." "तू?" ती म्हणाली. "तू तर खल्यात कोंबडी फिरकू देत नायस!" दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला कळलं. येणारेजाणारे गडग्याशी थांबायला लागले. कुणी म्हणे वरच्या अंगाला लाव जरा मिरची, कुणी म्हणे आता पडवीत भात पेर. हे सुरुवातीला ओशाळत. मग मात्र तेही उलट बोलायला लागले. थट्टा करायला का होईना, माणसं आमच्या घरापाशी थांबत होती, आणि थांबलेला माणूस चहा घेतल्याशिवाय थोडाच जातो?

खळ्यातली माती नवी होती, ऊन दिवसभर होतं, आणि दारातच असल्यामुळे माकडांना फावत नव्हतं. माकडं आली की हे पत्र्याचा डबा बडवत धावत, आणि डब्याच्या आवाजानं जाऊबाईंच्या कोंबड्या सैरावैरा. रोपं जोमानं वाढली. यांनी काठ्या रोवल्या, सुतळीनं बांधल्या, खालची पानं खुडली. संध्याकाळी मी अंगणवाडीचं काम आटपून पायरीवर बसायची आणि हे पाणी घालता घालता बोलायचे. आम्ही दोघं सलग बोललो असे लग्नानंतर पहिल्यांदाच. फोनवर काय, पैसे पोचले का आणि मुलाला ताप उतरला का, एवढंच बोलणं व्हायचं.

एकदा मी सहज विचारलं, "टोमॅटोच का पण? भेंडी लावली असती, सोपी असते."

हे म्हणाले, "कुर्ल्याच्या खोलीत आम्ही सातजण. रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असायचा. टोमॅटो-कांद्याची भाजी मी करायचो. सगळे म्हणायचे, हात चाटत राहावं अशी करतो हा."

मी बघतच राहिले. माझ्या नवऱ्याला स्वयंपाक येतो हे त्याच्या खोलीतल्या सहा बाप्यांना माहीत आणि मला नाही! मला हसू आलं, आणि मग एकदम फार वाईट वाटलं. रविवारी मी इकडे मुलाला मांडीवर घेऊन एकटी जेवत असायची, तेव्हा हे तिकडे सहा जणांना वाढत होते. दोघांचंही आयुष्य असंच गेलं, आणि त्यात कुणाचा दोष म्हणून दाखवता येत नाही.

पहिला टोमॅटो पिकला तो बाजारातल्या लिंबापेक्षा थोडा मोठा. देवापुढे ठेवला, मग यांनी विळीवर अर्धा अर्धा केला आणि मीठ लावून मला दिला. चवीला बरा होता. खरं सांगायचं तर किंचित पाणचट होता, पण मी तसं बोलले नाही. त्या रविवारी यांनी भाजी केली. लसूण जास्त, तिखट कमी, आणि माझ्या स्वयंपाकघराची पार दैना. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

होळी जवळ यायला लागली. माझं सगळं लक्ष झाडांकडे. हे म्हणाले होते शिमग्याच्या आत उरकतं, पण उरकायचं लक्षण दिसेना. खालचे घोस पिकत होते, मधले हिरवे होते आणि शेंड्याला पिवळी फुलं येतच होती. शेवटी मी म्हटलं, "अवो, पाकिटावर लवकर येते म्हणून लिहिलंय. लवकर जाते म्हणून कुठे लिहिलंय?" यांनी पाकीट शोधून काढलं, चष्मा लावून मागून पुढून वाचलं आणि परत ठेवून दिलं. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. झाडं उपटावीत तर भर बहरात आलेली, आणि नाही उपटली तर पालखी कुठे नाचणार? जाऊबाई तर बोलूनच गेली, "देवीच्या जागेवर टमाटी! बरं नाय हां ते."

मला देवीची भीती होती, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ही झाडं गेली की यांना धरून ठेवायला माझ्याकडे काय उरणार? आणि गावानं नावं ठेवली तर हे इथे एक दिवस राहायचे नाहीत. मुलाचा फोन येऊन गेला होता. पालखीच्या आदल्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता. यांची बॅग माळ्यावरून खाली आली होती, ती मी रोज केर काढताना बघत होते.

शेवटी हे स्वतःच उठून मानकऱ्यांकडे गेले. मानकरी म्हणजे पालखीचा मान असलेले गावातले म्हातारे, यांचे लांबचे चुलते. परत आले ते सुटल्यासारखा चेहरा करून. काका म्हणाले होते, "अरे, अर्धं खलं मोकलं हाय ना? आमी त्येवढ्यात नाचवतो. देवीची जागा हाय, पन तुजी बी मेहनत हाय." मग यांनी झाडांच्या कडेनं काठ्या रोवून दोरी बांधली, दोरीला आंब्याची डहाळी लावली. मुलगा आला तेव्हा त्यानं ते पाहिलं आणि पोट धरून हसला. पण मग झाडांमधून फिरताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही केलंत हे सगळं?" यांनी मान हलवली. बॅग मात्र भरली होती.

पालखी आली. ढोल-ताशे, गुलाल, शिट्ट्या, वाडीतली सगळी माणसं आणि मुंबईहून आलेले चाकरमानी. पालखी ओटीवर बसली. मी ओटी भरली, खण-नारळ ठेवला. मग काकांनी गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक घराचं सुखदुःख देवीच्या कानावर घालायचं, ही आमची रीत. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बाय माजे, ह्या घरातली बाय तुजी येकटी राबली. आता तिचा घोव घरी आलाय. पोटासाठी गेलेला, तुजं लेकरूच हाय. त्येचा पाय हितं टिकू दे. त्येला गावात गोडी लागू दे."

आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. जाऊबाईलासुद्धा नाही. पण गावाला सगळं दिसत असतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. हे खाली मान घालून उभे होते, कान लाल झालेले.

ढोल वाजायला लागला. मोकळ्या अर्ध्या खळ्यात पालखी नाचायला लागली, तरणे पोरगे खांदा देत होते, बाकीचे दोरीपाशी कडं करून उभे होते. टोमॅटोचं एक पान हललं नाही. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मुंबयकरा, ये! खांदा दे!" हे नको नको म्हणत होते. गेली कित्येक वर्षं यांनी खांदा दिला नव्हता. यायचे, नारळ द्यायचे आणि कडेला उभे राहायचे. दोघांनी हाताला धरून ओढलंच. पालखी यांच्या खांद्यावर आली. पहिल्यांदा पाय अडखळले. मग ढोलवाल्यानं ताल वाढवला आणि यांना सूर सापडला. हे नाचायला लागले. माझा नवरा असा नाचतो हे मी बघितलंच नव्हतं. डोळे मिटलेले, कपाळावर गुलाल, पालखी वर उसळतेय, खाली येतेय. गावात म्हणतात पालखी ओढते, तशी ती ओढायला लागली, आणि हे दोरीच्या दिशेनं सरकायला लागले.

"अरे, टमाटी! टमाटी!" सगळे ओरडले. जाऊबाई सगळ्यांत मोठ्यानं. कडं करून उभे राहिलेले बाप्ये आडवे झाले, पण पालखीला अडवणार कोण? दोरी तुटली. हे थेट ओळीत घुसले, काठ्या मोडल्या, आणि पिकलेले, हिरवे, अर्धे कच्चे सगळे टोमॅटो यांच्या पायाखाली फुटत राहिले. ज्या झाडांसाठी माकडांच्या मागे अनवाणी धावले, त्याच झाडांवर हे नाचत होते, आणि यांना पत्ताच नव्हता. मी तोंडावर हात घेऊन उभी.

ढोल थांबला. पालखी दुसऱ्यांनी घेतली. यांनी डोळे उघडले, पायाकडे बघितलं, खळ्याकडे बघितलं. काका पुढे आले, यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुज्या खल्यात देवी पोटभर नाचली, बाबा. आमी नाय नाचवली, तू नाचवलीस." आणि पालखी पुढच्या घराला गेली. हे पायरीवर बसले. मी पाय धुवायला पाणी दिलं. त्या संध्याकाळी हे न जेवताच जाऊन पडले, आणि मी समजायचं ते समजले. सकाळच्या प्रवासाला म्हणून मी मुलाच्या डब्यात दोघांपुरत्या पोळ्या भरून ठेवल्या.

सकाळी उठून बाहेर आले तर हे खळ्यात. मोडलेली झाडं एकीकडे ओढून ठेवलेली, हिरवे टोमॅटो वेचून टोपलीत भरलेले. पाच-सहा झाडं तगली होती, त्यांना हे नव्या काठ्या बांधत होते. मुलगा गाडी पुसत होता. म्हणाला, "बाबा, आवरा ना. ऊन व्हायच्या आत घाट उतरायला हवा."

हे सुतळीची गाठ मारत म्हणाले, "तू हो पुढे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी येत नाही. काल ज्या गावानं माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, त्याला आज पाठ दाखवून कसा निघू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तुझ्या आईनं गुडघा दुखत असताना माझ्यासाठी खळं खणलं. तुला काय कळतंय."

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी हिरव्या टोमॅटोंची टोपली उचलली आणि त्याच्या गाडीत ठेवली. "चटणी करायला सांग सूनबाईला," म्हटलं. "मिरची जास्त घालायची."

गाडी निघाली तेव्हा आम्ही दोघं रस्त्यापर्यंत गेलो. लग्न झाल्यापासून दर गणपतीला, दर शिमग्याला, दर मे महिन्याच्या शेवटी मी त्या जागी उभी राहिले आहे. कधी मूल कडेवर घेऊन, मग त्याचा हात धरून आणि मग एकटी. हे कायम गाडीत असायचे. आज हे माझ्या शेजारी उभे होते, मातीचा हात वर करून. गाडी वळणाआड गेली तरी यांनी हात खाली घेतला नाही.

मग म्हणाले, "मी गेल्यावर तू इथे किती वेळ उभी राहायचीस गं?"

मी म्हटलं, "धूळ खाली बसेपर्यंत."

हेही मग धूळ खाली बसेपर्यंत माझ्याबरोबर उभे राहिले.